पासष्ट एकरांतील आठ दिवस

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस येथे उभे केले ते 'निवृत्तीनंतरचे जीवन' या विषयावर चार शब्द बोलण्यासाठी. या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षे आम्ही सकाळी वर्तमानपत्र वाचणे आणि सायंकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसणे यापलीकडे काही पराक्रम केला नाही. तेव्हा एकाच अनुभवाविषयी बोलतो. २०२४ सालच्या आषाढीस आम्ही उभयतांनी पंढरपुरी पासष्ट एकरांच्या तळावर आठ दिवस संसार मांडला. मंडळाच्या पंढरपूर निधीचा विषय आज सभेपुढे यावयाचा आहे, आणि त्याचा या आठ दिवसांशी संबंध आहे, म्हणून हे बोलणे केवळ प्रवासवर्णन समजू नये.

आपल्यापैकी बहुतेकांना हा तळ ठाऊक आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्याकरिता सांगतो. पूर्वी वारकऱ्यांच्या राहुट्या चंद्रभागेच्या वाळवंटातच पडत. लाखो माणसांनी तेथे राहावयाचे, तेथेच रांधावयाचे आणि तेथेच सर्व विधी उरकावयाचे. त्यामुळे नदीची जी दशा होई तिचे वर्णन सभेत करण्याजोगे नाही. ती घाण हातांनी उचलावयास माणसेच लावली जात. याविरुद्ध काही मंडळी उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर वाळवंटात तंबू ठोकून राहण्यास मनाई झाली. मग पैलतीरावरची, मूळची रेल्वेची, पासष्ट एकर जागा शासनाने वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी तयार केली. रस्ते, नळ, दिवे, शौचालये झाली, चुन्याच्या रेघांनी भूखंड आखले गेले. सरकारी कागदांत तिचे नाव 'भक्तिसागर' असे आहे. माणसे मात्र 'पासष्ट एकर' असेच म्हणतात.

आमचे वडील १५ वार कापडाचा गठ्ठा पाठीला बांधून अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेने पंढरपुरास जात. ही गाडी १९०६ साली पंढरपुरास पोहोचली होती. आषाढीपूर्वीचा ज्येष्ठ महिना म्हणजे आमच्या घरी राहुट्यांचा महिना. गिरणीचा जाड मांजरपाट, दुहेरी दुमड, सुतळीने शिवलेली कोपऱ्यांची नाकी, आणि वडिलांच्या अंगठ्याला दाभणाने पडलेला काळा घट्टा, हे सारे आमच्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही मॅट्रिक झालो, शाळेत लागलो, आणि त्यानंतर सुई हाती धरली नाही. ती धरावी लागत नाही याचा आम्हांस अभिमान वाटे, हेही लपवीत नाही.

आजवर आम्ही पंढरपुरी गेलो ते ज्ञातीच्या धर्मशाळांतून किंवा नातलगांच्या घरी उतरलो. त्या वर्षी जेथे खोली मागितली तेथे खोल्या मोठ्या देणगीदारांकरिता राखून ठेविल्याचे कळले. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, लॉजमध्ये राहा, पैसे मी भरतो." आम्ही त्यास रुकार देणार, तोच सौ. म्हणाली, "अहो, चाळीस वर्षे मी पंढरपूरला जाते आणि चाळीस वर्षे दुसऱ्याच्या चुलीपाशी भाकऱ्या थापते. यंदा मला वारकऱ्यांत राहायचं आहे." मोहोळ तालुक्यातील एका गावची दिंडी आमच्या ओळखीची होती. आमचे गुडघे चालीच्या लायक राहिलेले नाहीत. दिंडीप्रमुखांनी सांगितले, "गुरुजी, चालू नका. आमचा ट्रक अष्टमीला तळावर येतो, त्याच्याबरोबर या."

ट्रकची रचना पाहण्यासारखी असते. हौद्यात आडव्या फळ्या टाकून माळा केलेला, खाली पातेली, शेगड्या, पिठाचे डबे, पाण्याची पिंपे. माळ्यावर गाठोडी आणि वर ताडपत्री. रात्री म्हातारी माणसे माळ्यावर झोपतात, तरणी माणसे राहुटीत. आम्ही सोबत काय नेले? दोन सोलापुरी चादरी, कडक भाकरीचा एक डबा, शेंगाचटणी, एक पत्र्याची पेटी. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, हे आमच्या जिल्ह्याचे भाग्यच होय. बाहेरगावचे शेजारी ती कौल समजून पाहत आणि चटणीत बुडवून चाखल्यावर दुसरी मागत.

राहुटीत आम्हां दोघांच्या वाट्यास आली ती सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा. आपण हसाल, परंतु चाळीस वर्षांच्या संसारात झाली नाहीत तेवढी भांडणे पहिल्या संध्याकाळी त्या जागेत झाली. पेटी उशाला ठेवावी की पायथ्याशी? आम्हांस खांबाजवळ निजावयाचे होते, कारण पाठ टेकता येते. तिला दाराजवळ, कारण वारा येतो आणि येणाराजाणारा दिसतो. सोलापूरच्या घरी आम्हांस एक खोली होती, तिला स्वयंपाकघर होते. बोलावयाचे नसेल तर उठून जाता येई. येथे उठून जावयास जागाच नव्हती. शेवटी दाराजवळच निजलो. पहाटे तीनला शौचालयाकडे जाणाऱ्या माउलींचे पाय उशाशी वाजू लागले तेव्हा ती म्हणाली, "खांबच बरा होता." तोवर खांब दुसऱ्या जोडप्याने घेतला होता.

गैरसोय नव्हती असे सांगणे खोटे ठरेल. नळावर रांग, शौचालयावर त्याहून मोठी रांग, बायकांना आंघोळीची अडचण. एक सर पडली की काळ्या मातीचा चिखल पायाला जोड्यासारखा चिकटतो. जेथे मुरूम टाकला होता तेथेच काय ते कोरडे पाऊल. परंतु शेजार मिळाला तो मात्र अपूर्व. डाव्या हाताला विजापुराकडची कानडी मंडळी. सोलापूरकराला कानडीचे वावडे नसते, त्यामुळे पहिल्याच दिवशी मिठाची देवघेव सुरू झाली. उजव्या हाताला बीड जिल्ह्यातील एक निवृत्त एस. टी. चालक आणि त्यांचे कुटुंब. या गृहस्थांनी स्वतःच्या टेम्पोचेच घर केले होते. मागे दोन फळ्यांची बिछायत, खाली चूल, बाजूला पाण्याचे पिंप, टपावर तुळस. निवृत्तीचे पैसे मुलांनी मागितले तेव्हा आपण हा टेम्पो घेतला, असे त्यांनी हसत सांगितले. चारही वाऱ्या, म्हणजे आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री, ते दोघे या टेम्पोत करतात आणि मधल्या काळात देहू, आळंदी, पैठण. "गुरुजी, चाळीस वर्षं सरकारची गाडी चालवली. रात्री डेपोत झोपलो. बायकोला कुठं नेलं नाही. आता तीच कंडक्टर," असे म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी खरोखरच एक जुनी शिट्टी काढून दाखविली.

नवमीच्या रात्री पाऊस आला. दिंडीची मोठी राहुटी सुती होती, बाजूची पाले बाजारातल्या प्लास्टिकची. आमच्या डोक्यात वडील बोलू लागले. सुती दोर आणि अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो. तणावे सैल केले नाहीत तर मेख उपटते नाहीतर कापडाचे नाके फाटते. नायलॉनचा दोर उलट आहे, तो भिजला की ढिला पडतो आणि पुन्हा ताणावा लागतो. आमच्या राहुटीला अर्धे तणावे सुती, अर्धे नायलॉनचे! आम्ही धोतर खोचून बाहेर पडलो आणि तरण्या पोरांना सांगू लागलो, हा सोडा, तो ताणा, भोवती वीतभर चर खणा, आणि आतून कापडाला बोट लावू नका. ओले मांजरपाट फुगून आपली छिद्रे आपण बुजविते, पण बोट लागले की तेथून थेंब गळू लागतो. एक नाके तरीही उसवले. दिंडीत दाभण होते, धरणारा कोणी नव्हता. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते शिवले. टाके वाकडे पडले. वडिलांनी पाहिले असते तर उसवून पुन्हा घालावयास लावले असते.

दशमीस पालख्या आल्या. त्या सोहळ्याचे वर्णन येथे करीत नाही. ते आपण सर्वांनी पाहिले आहे आणि आमच्यापेक्षा चांगले लिहिणाऱ्यांनी लिहिले आहे.

एकादशीस म्हणजे १७ जुलै रोजी आम्ही पहाटे स्नान केले. उजनी धरणातून आषाढीस पाणी सोडतात, त्यामुळे नदी भरून वाहत होती. पददर्शनाची रांग गोपाळपुराच्या पत्राशेडपर्यंत गेलेली. तेथे उभे राहण्याचे सामर्थ्य आमच्यात नव्हते. कळसाचे दर्शन घेतले आणि महाद्वारी नामदेव पायरीशी माथा टेकून नगरप्रदक्षिणेस निघालो. गर्दीचा एक लोट आला आणि सौ.चा हात सुटला. फोन लावावा तर एवढ्या माणसांत फोन लागत नाही. आम्ही त्याच जागी एक तास उभे राहिलो, मग पोलीस चौकीत नाव लिहविले, ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला, परंतु त्याच वेळी आणखी शेकडो नावे पुकारली जात होती. दुपार झाली, दिवेलागण झाली. तळावर परत आलो तर ती आली नव्हती. शाळेत पस्तीस वर्षे सहली नेल्या, मुलांची शिरगणती केली, एक पोर कधी हरवले नाही. आणि येथे स्वतःचे माणूस हरवून बसलो.

रात्री अकराच्या सुमारास एक वृद्ध जोडपे तिला घेऊन आले. ती नदीकाठी भोवळ येऊन बसली होती. प्लॉटचा क्रमांक तिला आठवेना. मोहोळची दिंडी, कानडी शेजारी आणि टपावर तुळस असलेला टेम्पो एवढ्याच खुणा. त्या माउलींनी तिला आपल्या पालात निजविले, भगर आणि शेंगदाण्याची आमटी दिली आणि ऊन उतरल्यावर स्वतःचे दर्शन सोडून तुळशीचा टेम्पो शोधीत हिंडत राहिले. आमच्या तोंडून आभाराचा शब्द फुटेना. सौ. म्हणाली, "उद्या पारण्याला दोघांनी आमच्याकडं यायचं."

द्वादशीस ते आले. पंगत बसली, पुरणपोळी वाढली गेली. आमच्या दिंडीत आपल्याच ज्ञातीचे एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही. ते या सभागृहात असतील वा नसतील. त्यांनी पाहुण्यांना विचारले, "आपण कोणत्या समाजाचे?" पाहुणे शांतपणे म्हणाले, "आम्ही चोखोबांच्या घरचे." क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते गृहस्थ आपली पत्रावळ उचलून दोन माणसे पलीकडे जाऊन बसले.

आणि बंधूंनो, आम्ही काय केले? काहीच नाही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, हा धडा आम्ही वर्गात किती वेळा शिकविला असेल! फळ्यावर तारीख लिहिली, मुलांकडून पाठ करून घेतली. त्या पंगतीत मात्र आमची जीभ उचलली नाही. वाढण्याचे काम सोडून सौ. उठली, आपली पत्रावळ घेतली, आणि त्या बाईंच्या शेजारी जी जागा रिकामी झाली होती तेथे मांडी घालून बसली. गुडघ्यांमुळे तिला मांडी घालता येत नाही, तरी बसली. बाईंनी आपल्या पोळीवरचे तूप तिच्या पोळीवर ओतले. पंगत पुढे चालू झाली.

त्या दुपारी आम्ही जुने धोतर फाडून त्याच्या पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टीवर प्लॉटचा क्रमांक आणि दिंडीप्रमुखांचा फोन लिहिला आणि दिंडीतील चाळीस माणसांच्या पदरांना, सदऱ्यांना त्या टाचून दिल्या. शाई पाण्याने पसरू नये म्हणून बीडच्या चालकांनी टेम्पोचा क्रमांक रंगविण्याचा रंग दिला. पाहुण्यांच्या पालातील माणसांनाही पट्ट्या लावून आलो. तेव्हा टाके सरळ पडू लागले होते. पौर्णिमेस गोपाळपूरचा काला घेऊन आम्ही परत निघालो. सहा फूट बाय पाच फूट जागा सोडताना सौ.च्या डोळ्यांस पाणी आले. सोलापूरचे जुने भाड्याचे घर सोडतानाही ते आले नव्हते.

आता निधीकडे वळतो. मंडळाने पंढरपुरी खोल्या बांधण्याची योजना आखली आहे, तिचा मसुदा आपल्या हाती आहे. हेतू स्तुत्य आहे. आपल्या ज्ञातीचा म्हातारा उघड्यावर पडू नये, असे कोणास वाटणार नाही? परंतु मसुद्यातील चौथे कलम म्हणते की, या खोल्या 'केवळ ज्ञातिबांधवांकरिता' असतील. या कलमास आमचा विरोध आहे, आणि तो आम्ही येथे स्पष्टपणे नोंदवितो.

आपण स्वतःला नामदेव महाराजांच्या नावाने ओळखतो. त्यांची पायरी महाद्वारी का आहे, हे आपण मुलांना सांगतो: येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून. कोणत्या ज्ञातीचा वारकरी, असे त्या पायरीवर लिहिलेले नाही. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणणारे आणि महाद्वारासमोर समाधी बांधविणारे आपले नामदेवच, अशी परंपरा आहे. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले नाही त्यांना नामदेवांनी स्वतःच्या पायरीसमोर जागा दिली. मंगळवेढे आपल्याच जिल्ह्यात आहे, येथून फार दूर नाही. आणि आपण, त्यांचे म्हणविणारे, सातशे वर्षांनंतर दारावर पाटी लावणार की, आत कोणी यावे?

काही सभासद म्हणतील, गुरुजी, पैसा आपला, कष्ट आपले, मग लाभ इतरांस का? हा प्रश्न आम्ही टाकाऊ मानीत नाही. आपल्यातील कित्येकांनी ब्लाउजच्या शिलाईतून वाचवून शंभर-शंभर रुपये दिले आहेत. म्हणून आमची सूचना अशी: खोली देताना आधी आपल्या ज्ञातीतील वृद्धांचा आणि विधवा भगिनींचा विचार व्हावा, याला आमची हरकत नाही, देणगीच्या रकमेचा विचार मात्र होऊ नये. आषाढीच्या रात्री ओसरी आणि अंगण कोणासही मोकळे असावे, आणि 'केवळ' हा शब्द कलमातून काढावा.

दुसरी सूचना लहान आहे. खोल्या होतील तेव्हा होतील. जमीन, परवानगी, बांधकाम यांत वर्षे जातात आणि आपल्यातील साठ-सत्तरीच्या लोकांजवळ तेवढी वर्षे नाहीत. तोवर मंडळाने एक राहुटी करावी. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, पाच फुटांची कनात. आम्ही हिशेब केला आहे: छत्तीस इंची पन्ह्याचे सुमारे १४० वार कापड लागेल, शिवणीची दुमड धरून. मध्ये वाट सोडून पंचवीस वृद्ध माणसे तीत निजू शकतील. मोहोळच्या दिंडीप्रमुखांनी आपल्या ट्रकवर ती नेण्याचे आणि जागेचा अर्ज आपल्या नावे करण्याचे कबूल केले आहे. बीडचे चालक शेजारी टेम्पो लावणार आहेत, असा त्यांचा फोन आला. द्वादशीचे ते वृद्ध गृहस्थ मात्र माघीपूर्वी वारले. बाई आपल्या राहुटीत येतील काय, असे सौ.ने त्यांना विचारले आहे. उत्तर यावयाचे आहे.

चौथ्या कलमावर सभेने मत द्यावे. आमच्या विरुद्ध मत पडले तरी राहुटी शिवली जाईल, मग ती मंडळाच्या नावावर नसली तरी चालेल. आता प्रश्न उरतो तो दाभणाचा. यंत्रावर लांब शिवण मारता येते. कोपऱ्यांची नाकी आणि मधल्या खांबाची टोपी हातानेच शिवावी लागते. या सभागृहात असे हात किती उरले आहेत, हे आम्हांस पाहावयाचे आहे. दाराजवळ वही ठेवली आहे, सौ. तेथे बसली आहे. तिला उठवत नाही, तेव्हा नाव लिहविण्यासाठी आपणच तिच्याकडे जावे.